चादरीचं दुसरं टोक

धडा पहिला

आधी कोण ते सांगायचं. मग तो काय करतो ते. बाकी कशाला, कशाचं, कुठे, हे सगळं मागाहून.

रजिस्टरवाले काका इंग्रजी वाक्याचं हे समजावत होते तेव्हा मावशी साबणाच्या उपड्या डब्यावर बसली होती आणि डावा पाय तिने समोरच्या दुसऱ्या डब्यावर लांब टाकला होता. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यातली दहा मिनिटं हात धुण्यात आणि खाली बसण्यात जायची. हात धुवायला दोन, बसायला आठ.

"म्हणजे क्रियापद मध्येच?" मावशीने विचारलं.

"मध्येच."

"आपल्यात तर शेवटी येतं."

"आपल्यात ते घरच्या बाईसारखं आहे, मावशी. सगळ्यांचं वाढून झालं की मग बसतं. यांच्यात पाहुण्यांच्या पंगतीतच ताट मांडून मोकळं."

"मग हीच भाषा आधी शिकायला हवी होती मला," मावशी म्हणाली आणि गुडघा चोळू लागली.

काकांनी आपलं जुनं व्याकरणाचं पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. पिवळं पडलेलं, पातळ, पाठीला चिकटपट्टी. एकूण बारा धडे. परीक्षेला एकवीस दिवस.

धडा पहिला, पुन्हा

(पहिल्यांदा डोक्यात शिरला नाही.)

मावशी ही कुणाची मावशी नव्हे. इस्पितळाच्या धुलाई विभागात साडेबावीस वर्षं झाली की आपोआप मावशी होतं माणूस. पंचवीस भरली की पेन्शन. म्हणजे अडीच वर्षं राहिली होती. हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं, आणि ते शेपूट नेमकं गुडघ्यात अडकलं होतं.

इस्पितळ नव्या मालकांनी घेतलं. त्यांचं मुख्य कार्यालय कुठेतरी लांब, तिथे बसलेल्यांना वाचता यावं म्हणून इथली सगळी रजिस्टरं आता इंग्रजीत, आणि नुसते शब्द नाहीत, पूर्ण वाक्यं. महिन्याच्या अखेरीला सगळ्यांची तब्येत तपासणार. ज्याला आठ तास उभं राहता येत नाही, त्याला घरी. हलकं काम वगैरे काही नाही. एकच खुर्ची होती साऱ्या विभागात, काचेच्या खिडकीमागची, रजिस्टरची. काका निवृत्त होत होते. त्या खुर्चीला पंधरा वर्षांची नोकरी हवी आणि इंग्रजीची परीक्षा पास हवी.

पंधरा वर्षं असलेले तिघं. एकाने सांगितलं, मी इंग्रजी शिकण्यापेक्षा मरण पत्करीन. दुसऱ्याचे गुडघे चांगले होते. उरली मावशी.

खुर्ची, नाहीतर घर. एवढं सोपं होतं ते. काकांच्या पहिल्या धड्यापेक्षा सोपं.

योग्य पर्याय निवडा

मावशी संध्याकाळी ______ घरी आली. (दमून / दमून / दमून)

घरी नवरा. एका कानाने बहिरा, आणि तो कान कुठला ते सोयीनुसार बदलायचा. तो दाराशीच बसलेला असायचा, वर्तमानपत्र पोटावर घेऊन.

"अहो, एक चादर धरता का?"

"कशाला?"

"अभ्यासाला."

"अभ्यास वहीवर करतात."

"माझा नाही होत वहीवर. डोळे मिटतात. हात चालले की डोकं चालतं."

त्याने उठून चादरीची दोन टोकं धरली. मावशीने पलीकडची दोन धरली आणि म्हणाली, "द नर्स." नवरा तिच्याकडे बघत राहिला. "पुढचं तुम्ही सांगायचं," ती म्हणाली.

"मला काय ठाऊक नर्सचं?"

"काहीही सांगा. काय करते नर्स?"

त्याने बराच विचार केला. "सुई टोचते," तो म्हणाला, आणि आपलं काम झालं असं समजून चादर सोडून बसला. चादर जमिनीवर पडली. मावशीने ती उचलली, हनुवटीखाली धरली, एकटीनेच घडी घातली आणि भात टाकायला गेली.

धडा चौथा

(दुसऱ्या आणि तिसऱ्या धड्याची पानं पहिल्याच आठवड्यात भिजली. पुस्तक ओल्या गाठोड्यावर ठेवलं होतं. पानं एकमेकांना अशी चिकटली की ओढली तर फाटतील. काका म्हणाले, राहू द्या, त्यात अनेकवचनं आहेत, ती पुढे कळतील.)

तर मावशीचं डोकं कसं चालायचं, हे चिमणीला माहीत होतं.

चिमणी म्हणजे चादरीचं दुसरं टोक. नऊ वर्षं. वय तिशीच्या पुढे, बोलणं अखंड, म्हणून चिमणी. रुळांच्या मोठ्या इस्त्रीतून चादर बाहेर येते ती गरम आणि ताठ. एकीने दोन कोपरे धरायचे, दुसरीने दोन. झटका. कोपऱ्याला कोपरा. पुन्हा झटका, पुन्हा कोपऱ्याला कोपरा. मग एक जण जागेवर उभी राहते आणि दुसरी आपली टोकं घेऊन तिच्याकडे चालत येते. टोकं हातात देते, खाली लोंबणारी घडी उचलते, संपलं. पुढची.

मावशीचा गुडघा बोलायला लागल्यापासून मावशी उभी राहायची आणि चिमणी चालायची. असं ठरवलं नव्हतं कुणी. एके दिवशी चिमणी दोनदा चालली, तिसऱ्यांदाही चालली, आणि मग तेच पडलं अंगवळणी. दिवसाला साडेतीनशे चादरी. चिमणी किती चालली असेल तेव्हापासून, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

"सोपं आहे की," धडा ऐकून चिमणी म्हणाली. ती शाळेत नववीपर्यंत गेलेली, इंग्रजी शब्द तिच्या तोंडात खिशातल्या सुट्ट्या बटणांसारखे पडलेले असायचे. "पहिल्या झटक्याला तू म्हण कोण. दुसऱ्या झटक्याला काय करतो. आणि मी चालत येते ना, तेव्हा मी घेऊन येते बाकीचं."

"बाकीचं म्हणजे?"

"कशाला, कुठे, ते सगळं लटांबर. तू उभी राहा. तुला काय, बसल्या जागी मिळेल."

झटका. "द नर्स," मावशी म्हणाली.

झटका. "ईट्स."

चिमणी चादर घेऊन नवरीसारखी हळूहळू चालत आली, टोकं मावशीच्या हातात ठेवली आणि गंभीरपणे म्हणाली, "द सोप."

नर्स साबण खाते. मावशी हसली नाही. आधी तिने शब्द जुळवले, मग तिला कळलं, मग ती हसली, आणि हसताना गुडघ्यातून कळ गेली.

"मेली. अगं, परीक्षा आहे माझी."

"परीक्षेत काय नर्सची चौकशी आहे? शब्द जागेवर आहेत ना? काका, आहेत ना जागेवर?"

काका खिडकीमागून म्हणाले, "जागेवर आहेत. अर्थाचं काही सांगता येत नाही."

"अर्थाला कोण विचारतंय," चिमणी म्हणाली. "पुढची."

त्या दिवशी तीनशे बावन्न चादरी झाल्या आणि जवळपास तेवढीच वाक्यं. मावशीला आठवेना की इतकं हसून इतकं दमायला कधी झालं होतं.

धडा चौथाच चालू आहे

पाचवा धडा नाही झाला. सहावा नाही झाला. मावशी घरी जाऊन पुस्तक उघडायची आणि अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागायची. सकाळी झटका दिला की सगळं परत यायचं.

द पेशंट. आयर्न्स. द डॉक्टर. पेशंट डॉक्टरला इस्त्री करतो.

द ड्रायव्हर. ब्रिंग्ज. अ मदर-इन-लॉ. ड्रायव्हर सासू घेऊन येतो. ("कुणाची?" "ज्याची असेल त्याची. सही करून ताब्यात घ्यावी.")

द इन्चार्ज. स्लीप्स. इन द ड्रायर.

इन्चार्ज म्हणजे विभागाचे साहेब. त्यांना चिमणी मुद्दाम ठेवायची दुपारी तीननंतर, जेव्हा पाठ मोडायला आलेली असायची. दर दिवशी ते ड्रायरमध्ये झोपायचे. कधी थंड हवेवर, कधी गरम.

एक गोष्ट दोघी बोलत नव्हत्या. जोडीतली एक गेली तर तिच्या जागी नवं माणूस मिळणार नव्हतं. नव्या मालकांनी भिंतीवर कागदच लावला होता, रिकाम्या जागा भरल्या जाणार नाहीत. मावशी खुर्चीवर गेली तरी, घरी गेली तरी, चिमणीच्या हातात चादरीची चारही टोकं येणार होती. ज्या दिवशी जोडीतली एक रजेवर असायची, त्या दिवशी काका रजिस्टरात जोडीच्या क्रमांकापुढे एकच शब्द लिहायचे. 'अलोन.' रजेवरून परतलं की चिमणी खिडकीत डोकं घालून तो शब्द बघायची आणि म्हणायची, "काल तू अलोन होतीस म्हणे. मग? कोण आलं होतं भेटायला?"

पंधराव्या दिवशी मावशीने विषय काढला. चादर दोघींच्या मध्ये होती.

"मी गेले की तू काय करशील?"

"कुठे गेलीस की?"

"तिकडे. खिडकीमागे."

"तुझ्या नावाने शंख," चिमणी म्हणाली. "झटका दे ना. गार झाली चादर."

तोंडी आणि लेखी

तोंडी परीक्षा नव्हतीच. नुसता एक कागद होता. प्रशासनाच्या खोलीत तीन टेबलं, तीन माणसं, इतर विभागांतली दोन. पंखा होता. मावशीला एवढा वेळ खुर्चीवर बसायला मिळाल्याचंच इतकं बरं वाटलं की पहिली पाच मिनिटं तिने कागद वाचलाच नाही. नुसता पाय लांब केला.

मग वाचला. वाक्यं पूर्ण करा. दहा.

द नर्स ______
द पेशंट ______
द ड्रायव्हर ______
द इन्चार्ज ______

असंच खाली. म्हणजे तिच्या पहिल्या झटक्याचं आधीच छापलेलं होतं. कोण, ते कागदानेच सांगितलं होतं. तिने लिहायचं होतं ते उरलेलं, दुसऱ्या झटक्याचं आणि चालत येणारं.

मावशीने पेन उचललं. द नर्स. पुढे?

तिने डोळे मिटले. टेबलाखाली दोन्ही हातांनी हवेतले कोपरे धरले आणि बारीकसा झटका दिला. समोरून चिमणी चालत आली आणि म्हणाली, द सोप.

ते नको. दुसरं काहीतरी. नर्स काय करते? नर्स औषध देते. देते म्हणजे? औषध म्हणजे? पेशंटला, म्हणजे आधी पेशंट की आधी औषध? तिने पुन्हा झटका दिला. पुन्हा चिमणी आली, तशीच हळूहळू, तोंड गंभीर करून. द सोप, मावशी. किती वेळा सांगू?

शेजारच्या टेबलावरचा माणूस तिच्या टेबलाखालच्या हातांकडे बघत होता. मावशीने हात मांडीवर ठेवले.

तेव्हा तिला कळलं काय झालं होतं ते. एकवीस दिवसांत तिने हजारो वाक्यं म्हटली होती आणि त्यांतलं एकही तिने संपवलं नव्हतं. ती उभी राहिली होती. शेवट तिच्याकडे आणून दिला जात होता. आणि आणणारी होती चिमणी.

रागवायला ताकद नव्हती. रडायला तर बिलकूल नव्हती. घड्याळात वीस मिनिटं उरली होती. कागद कोरा ठेवला तर शून्य, हे तिला ठाऊक होतं, आणि शून्याचा अर्थ दारात पोटावर वर्तमानपत्र घेऊन बसलेल्या माणसाशेजारी दुसरी खुर्ची, अडीच वर्षं आधी, पेन्शनशिवाय.

आलीया भोगासी, असं म्हणून तिने लिहायला सुरुवात केली. ईट्स द सोप. आयर्न्स द डॉक्टर. ब्रिंग्ज अ मदर-इन-लॉ. अक्षर तिने चांगलं काढलं. निदान अक्षराला नाव ठेवायला नको. चौथ्या ओळीवर ती बराच वेळ थांबली. मग तिथेही लिहिलं.

खोलीबाहेर चिमणी उभी होती, कामावरून पळून आलेली.

"कशी गेली?"

मावशी भिंतीला टेकून पाय मोकळा करू लागली.

"मावशी, बोल ना. काय लिहिलंस?"

"तू सांगितलंस ते."

चिमणीने आवाज खाली आणला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. "सगळं?" तिने विचारलं.

"सगळं."

"ड्रायरपण?"

"ड्रायरपण."

चूक की बरोबर

चार दिवसांनी साहेबांनी खिडकीमागच्या खोलीत बोलावलं. काका होते, आपल्या वस्तू एका पिशवीत भरत. साहेब काकांच्या खुर्चीवर बसले होते. मावशी उभी होती. कागद मध्ये होता, लाल पेनाने तपासलेला.

"बाहेरच्या माणसाने तपासलाय," साहेब म्हणाले. "दहापैकी आठ. दोन ठिकाणी काहीतरी सुटलंय. बाकी सगळं बरोबर म्हणतोय. शब्द जागच्या जागी." त्यांनी कागद उचलला. "आता मला एक सांगा. मी ड्रायरमध्ये झोपतो?"

"तुम्ही नाही, साहेब. इन्चार्ज."

"इन्चार्ज कोण आहे इथे?"

काका पिशवीत फार खोलवर काहीतरी शोधू लागले.

"आणि ही सासू कुणाची?"

"ते ठरलं नाही अजून," मावशी म्हणाली. तिचा पाय थरथरत होता. तिने हळूच हात टेबलावर टेकला.

साहेबांनी ते पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांचाही वरचा माणूस होता आणि त्याला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. "मावशी, हसायला मला येतं," ते म्हणाले. "पण रजिस्टरात काय लिहिणार तुम्ही? आज नर्सने साबण खाल्ला? तिकडे कुणीतरी ते वाचणार, आणि खरंच किती खाल्ला म्हणून मला विचारणार. इथे जे झालं ते लिहायचं असतं. तुम्हाला येतं का, तेवढं सांगा. नाहीतर उगाच माझी आणि तुमची…"

वाक्य त्यांनीही संपवलं नाही.

"एक वाक्य," ते म्हणाले. कागद उलटा करून त्यांनी तिच्यासमोर सरकवला आणि पेन ठेवलं. "पाठ केलेलं नको. या खिडकीतून बघा. दिसतं ते लिहा."

मावशीने काचेतून पाहिलं.

इस्त्रीच्या रुळांतून चादर बाहेर येत होती. चिमणीने तिचे दोन कोपरे धरले, मग हात जितके जातील तितके लांब केले आणि चादरीचा मध्य हनुवटीखाली दाबला. चादर गरम असणार, कारण तिने मान वर केली. पलीकडचे कोपरे जमिनीला लागायला आले, ते तिने पायाने अडवले. मग वाकली. मग चार पावलं टाकून चादर टेबलाच्या कडेवर नेऊन टाकली, आणि परत आली. दोघी असताना जेवढ्यात तीन व्हायच्या, तेवढ्यात एक. एकदा तिने सवयीने मान वर करून समोर पाहिलं, ओठ हलले, आणि समोर कुणी नाही हे कळल्यावर ते मिटले.

मावशीने झटका दिला नाही. हात टेबलावरच होते.

कोण, ते तिला ठाऊक होतं. काय करते, तेही. मग उरलेलं. ते आणून द्यायला कुणी चालत आलं नाही. ते काकांच्या रजिस्टरात होतं, गेली कितीतरी वर्षं, जोडीच्या क्रमांकापुढे.

तिने लिहिलं. द वुमन फोल्ड्स द शीट अलोन.

साहेबांनी वाचलं. काकांना दाखवलं. काकांनी चष्मा लावून वाचलं, मग काचेतून बाहेर पाहिलं आणि चष्मा काढला.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "सगळं बरोबर आहे."

"उद्यापासून बसा," साहेब म्हणाले, आणि खुर्चीवरून उठले.

धडा पाचवा

त्या दिवसाच्या अजून शंभरेक चादरी राहिल्या होत्या. मावशी जाऊन आपल्या जागी उभी राहिली. चिमणीने काही न विचारता दोन कोपरे तिच्याकडे टाकले.

"मिळाली?" पहिल्या झटक्याला तिने विचारलं.

"मिळाली."

दुसरा झटका. कोपऱ्याला कोपरा. चिमणी चालायला निघाली, तेवढ्यात मावशी आपली टोकं घेऊन तिच्याकडे चालू लागली.

"अगं ए, काय करतेस? गुडघा!"

"थांब तिथेच."

चार पावलं होती. मावशीला ती चारशे वाटली. मधल्या मध्ये चादर तिरकी झाली, कड जमिनीला घासली. टोकं चिमणीच्या हातात देताना ती धापा टाकत होती, आणि आता वाकून खालची घडी उचलायची असते हे तिला ठाऊक होतं, पण वाकता येईना. चिमणीने तीही उचलली.

"वाकडी झाली," चिमणी म्हणाली.

"होऊ दे."

पुढच्या चादरीपासून चिमणी चालली. दोघींपैकी कुणीच वाक्य म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी खिडकीमागे बसली. खुर्ची जुनी होती, बैठकीला काकांच्या आकाराचा खळगा. पाय लांब करायला टेबलाखाली जागा होती. गुडघा बसूनही दुखतो, हे तिला तिथे पहिल्यांदा कळलं.

दुपारी तीन वाजून गेल्यावर खिडकीत चिमणीचं डोकं आलं. घामाने केस कपाळाला चिकटलेले, हनुवटी लालबुंद.

"काय लिहिलंस गं आज?"

मावशीने रजिस्टरावर आडवा हात ठेवला. "द इन्चार्ज स्लीप्स इन द ड्रायर," ती म्हणाली.

"खरंच लिहिलंस?"

"खरंच."

"गरम हवेवर की थंड?"

"गरम."

चिमणी हसली, दोन बोटांनी हनुवटी चोळली आणि चादरींकडे परत गेली. मावशीने हात बाजूला केला. साहेबांसमोर लिहिलेलं कालचं वाक्य तिथे होतं, आजच्या तारखेला. त्याखाली उद्याची तारीखही तिने आत्ताच घालून ठेवली; तिच्यापुढेही तेच यायचं होतं.